स्मरणार्थची छिन्नी

६ एप्रिल, रविवार

आधी खरं लिवून टाकतो, म्हंजे डोकं मोकळं. मी चोरी केली. लय मोठी न्हाई, बोटाएवढी. सेलूला किशनराव शेटच्या भांड्याच्या दुकानात दोन वर्षं मी भांड्यावर नावं टाकायचं काम केलं, अन निघताना त्यांची एक छिन्नी खिशात घालून आलो. शेटनी हाकललं त्याचा राग व्हता. कारन इतकंच, की एका लग्नाच्या घागरीवर 'मामाकडून सप्रेम भेट' टाकायचं व्हतं अन मी 'जुन्या मैत्रिणीकडून' टाकलं. मंडपात लय तमाशा झाला म्हनं. मला बघायला भेटला न्हाई, तेवढंच वाईट वाटलं.

शेटकडं छिन्न्या दोन. लांब छिन्नी लग्नाची, बारशाची, वास्तुशांतीची. बुटकी छिन्नी मेलेल्या मानसाच्या भांड्याची, 'यांच्या स्मरणार्थ' वाली. ती काळ्या फडक्यात येगळी ठिवायचे, अन जित्या मानसाचं नाव तिनं टाकायचं न्हाई म्हनून रोज दम द्यायचे. मी बुटकी आनली. खिशात बसली म्हनून.

असो. नवी नोकरी लागली अन झकास लागली. जिंतूर रोडला नवं हॉटेल हाय, तीन मजली, आत शिरलं की एसीनं घाम वाळतो. काउंटरच्या पुढं बसायची मोठी जागा, सोफे, अन वर छताला ते. पाटीवर इंग्रजीत कायतरी नाव हाय, आमी सगळे झुंबर म्हनतो, पन दिवा एक बी न्हाई. पितळंची अन तांब्याची चारशे बारा जुनी भांडी, तांबे, गडवे, पेले, कळश्या, तारांना टांगल्यात. बाहेरच्या कोन्या कलाकारानं भंगारातून किलोवर उचलून केलंय. खालून बघितलं तर पाखरांचा थवा वळल्यासारखं दिसतं. एसीचा वारा लागला की बारीक किनकिन करतं. ते घासायला पितळंतला मानूस पायजे व्हता, तो मी.

मॅनेजर योगीराज साहेब, शर्टाला एक सुरकुती न्हाई. काउंटरला निकिता. झाडू-पुसायला कमलबाई, येलदरीकडच्या. साहेबांनी पैल्याच दिवशी माझं नाव ठोक्या पाडलं, आता सगळे तेच म्हनतेत. खरं नाव ह्या वहीच्या पैल्या पानावर हाय.

७ एप्रिल, सोमवार

दर सोमवारी दुपारी गिऱ्हाईक नसताना झुंबर खाली येतं. साहेबांकडं चावी हाय, फिरवली की वरची मोटर घरघरते अन सगळा थवा सोफ्यावर उतरतो. चिंच अन मीठ लावून घासायचं. हात काळे, नाकात पितळंचा वास.

जवळजवळ प्रत्येक भांड्यावर नाव हाय. कोनाचं लग्न, कोनाचा तेरावा. कमलबाईनं कंबरंवर हात ठिवून सांगितलं की तिच्या बापानं लग्नात कळशी दिलती, सासऱ्यानं मोडीत घातली, यातच असंल कुठंतरी. तिला वाचता येत न्हाई. म्हनली, ए ठोक्या, वाच की एकेक. मी पन्नास वाचले, मग कटाळा आला, अन एका कळशीवर बोट ठिवून म्हनलो, हीच. त्यावर सुलाबाईचं नाव व्हतं. कमलबाईनं ती कळशी पदरानं पुसली, पोटाशी धरली, अन परत परत इचारलं की नीट वाचलं का. मी हो म्हनलो. नंतर भाकर गोड लागली न्हाई.

शेटच्या दुकानाचा एक नियम आठवला. नाव टाकून झालं की भांडं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं अन त्याला मोठ्यानं वाचायला लावायचं. त्यानं वाचलं म्हंजे पक्कं झालं. मग चूक असली तरी दुकानाची जबाबदारी न्हाई.

११ एप्रिल, शुक्रवार

आज जीव थंड झाला अन मग जळाला. लिफ्टवर मी कागद चिकटवला, 'कृपया चप्पल काढून आत बसावे'. तासाभरात लिफ्टबाहेर अकरा जोड. एक वकील साहेब मोजे घालून तिसऱ्या मजल्यावर गेले. मी पडद्याआड पोट धरून.

योगीराज साहेबांनी ओळखलं. सगळ्यांसमोर मला दोन्ही हातांत चपला धरून उभं केलं अन म्हनले, दहावी दोनदा नापास झालेल्याला पितळ घासायला दिलं, डोकं घासायचं राहिलं. निकिता हसली. इतर कोनी हसलं असतं तर चाललं असतं.

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंती, अर्धा स्टाफ परभनीला मिरवनुकीत. बसायची जागा रिकामी. साहेबांनी चावी फिरवून दिली अन जेवायला गेले.

मी एक बारका गडवा निवडला, कोरा. जिन्यापासून दोन हात लांब लटकतो तो. पायऱ्यांवरून वाचता येतो पन हात पुरत न्हाई. त्यावर सुबक अक्षरात ठोकलं:

कै. योगीराज साहेब
यांच्या स्मरणार्थ

माझ्याकडं छिन्नी एकच, त्याला मी काय करू. आता बघू कोनाला आधी दिसतं.

१६ एप्रिल, बुधवार

पचका झाला. नांदेडला जानारं एक कुटुंब जेवायला थांबलं व्हतं. त्यांची दुसरी-तिसरीतली पोरगी पायऱ्यांवर उभी राहून एकेक भांडं वाचायली. माझ्या गडव्यावर आली. अक्षर जुळवून जुळवून, मोठ्यानं, पूर्न वाचलं.

मी पडद्याआड तोंडात रुमाल कोंबून. कोनी हसलंच न्हाई. निकितानं पेन खाली ठिवला अन च्च केलं. कमलबाईनं फरशी पुसायची थांबवून वर बघून हात जोडले. साहेब काउंटरपाशीच व्हते, ते तर फोनवर जोरजोरात कोनाला तरी चादरीचे हिशेब इचारायलेले.

इतकी मेहनत अन असली माती.

१७ एप्रिल, गुरुवार

हजेरीच्या अंगठ्याच्या मशीननं साहेबांचा अंगठा घेतला न्हाई. सात वेळा. त्यांनी निकिताला हाक मारली, ती त्यांच्यासमोरच नखं बघत बसली. चहावाल्यानं सगळ्यांपुढं कप ठिवले, त्यांच्यापुढं न्हाई. साहेबांना वाटलं संप केलाय. मला बी वाटलं सगळे मिळून मस्करी करायलेत अन मला सांगितलं न्हाई. मी चिडलो. मस्करी माझं खातं हाय.

दुपारी कमलबाई म्हनली, योगीराज साहेब बोलायला कडू व्हते पन कोनाचा पगार अडवला न्हाई.

व्हते म्हनली. साहेब तिच्यापासून दोन पावलांवर उभे.

१८ एप्रिल, शुक्रवार

काउंटरवर फोटो लावलाय. हार हाय, उदबत्ती हाय. साहेब फोटोपुढं उभं राहून सगळ्यांची नावं घेऊन शिव्या द्यायलेत. सगळ्यांच्या अंगातून आवाज आरपार जायलाय. मला तेवढा ऐकू येतो, अन साहेब दिसतेत. ठोकलं मी म्हनून असंल.

मी निकिताला म्हनलो, आगं ते बघ इथं उभे हायेत, मी गंमत केली, गडव्यावरचं मी ठोकलंय. ती रडली. म्हनली, मेलेल्या मानसावर बी इनोद करतोस, तुला आई-बाप हायेत का न्हाई. सगळ्यांना सांगितलं. चौकीदार म्हनला, लिफ्टची चप्पल इसरलो न्हाई आमी. आजवर जितकं खोटं बोललो तितकं सगळं एका दमात खरं वाटलं लोकांना. हे एकच खरं, ते कोनी घेईना.

अन मशीननं कसं ओळखलं? ते बी तिथंच भिंतीला हाय. त्यानं बी ऐकलं असंल.

१९ एप्रिल, शनिवार

साहेब सकाळी सोफ्यावर, झुंबराखाली. कालचेच कपडे. शर्ट चुरगळलेला. पैल्यांदा माझ्याशी नीट बोलले.

म्हनले, गुरवारी रात्री घरी सगळं ठीक व्हतं. बायको बोलायली, भक्ती, त्यांची पोरगी, अभ्यास दाखवायली. शुक्रवारी जेवायला बसले अन निकिताचा फोन आला, वहिनी धीर धरा म्हनायला. बायकोनं फोन ठिवला. आली अन त्यांच्यापुढचं ताट उचललं. अर्धी भाकर ह्यांच्या हातात व्हती, तीबी काढून घेतली न्हाई, तिला ती दिसलीच न्हाई. भक्ती कोपऱ्यात तोंड दाबून रडायली. हे तिच्या शेजारी जाऊन बसले. रात्रभर बसले.

म्हंजे असं हाय. वाचलेलं ज्यानं ऐकलं त्याला कळतं. अन त्यानं ज्याला सांगितलं त्याला कळतं. ज्याला ठाऊक न्हाई त्याच्यासाठी मानूस जिता.

मी साहेबांना सगळं कबूल केलं. वाटलं मारतील. मारायला हात उचलला अन मग तोच हात तोंडावर ठिवून बसले.

२० एप्रिल, रविवार

किशनराव शेटला फोन लावला. आधी दहा मिनिटं छिन्नीवरून शिव्या. मग मी सांगितलं काय झालं.

उपाय इचारला. म्हनले, माझ्या बापानं इतकंच सांगितलं व्हतं की जित्याचं नाव टाकू नको. टाकलं तर काय करायचं हे नव्हतं सांगितलं, कारन आमच्यात इतकं येडं कोनी निघालंच न्हाई. मी म्हनलो, अंदाज तरी सांगा. म्हनले, अंदाजावर पितळ घासतेत, मानूस न्हाई. फोन ठिवला. परत लावला, उचलला न्हाई. बावीस वेळा लावला.

रात्री मायला फोन केला. तिनं इचारलं जेवला का. बरं वाटलं.

२१ एप्रिल, सोमवार

चावी साहेबांच्याच खिशात. त्यांनीच दिली. मी झुंबर उतरवलं, गडवा काढला.

सात दिवसांपूर्वी ठोकलेली अक्षरं. झिजून गेल्यात. पन्नास वर्षं राखेनं घासल्यावानी. वाचून पक्कं झालं की अक्षरं जुनी व्हतेत वाटतं.

कानस घेतली अन वरची ओळ घासायला लागलो. 'कै.' गेलं. 'योगी' गेलं. साहेब शेजारी बसून सांगायले, हळू, हळू. अन बोलता बोलता त्यांचा आवाजच बंद. तोंड हलायलंय, आवाज न्हाई. काउंटरवरचा फोटो बघितला तर हाराच्या आत कोरी काच. मी कानस फेकली. खालची 'यांच्या स्मरणार्थ' ओळ तशीच राहू दिली, तिला हात लावायची हिंमत झाली न्हाई.

साहेबांनी माझं मनगट धरलं. धरलेलं समजंना, फक्त गार लागलं.

मग डोस्कं चाललं. भेटवस्तू तर जित्यालाच देतेत. बुटकी छिन्नी उचलली अन घासलेल्या जागी, उरलेलं 'राज साहेब' त्यातच जुळवून, बारीक अक्षरात ठोकलं, 'योगीराज साहेबांना सप्रेम भेट'. भेटीखाली देनाऱ्याचं नाव टाकायची पद्धत हाय. दोन वर्षं हात तसाच चाललाय. टाकलं. पूर्न नाव, गावासहित.

निकिताला गयावया करून आनलं, हातात गडवा दिला, वाच म्हनलो. तिनं कटाळून वाचलं, योगीराज साहेबांना सप्रेम भेट. तेवढ्यात काउंटरचा फोन वाजला, ती गेली.

अन माझ्या मागून आवाज आला, ठोक्या, हे काय चाललंय.

इस्त्रीचा शर्ट. निकिता त्यांना नमस्कार सर म्हनली. फोटो न्हाई, हार न्हाई. मी फरशीवर बसून रडायलो अन हसायलो. साहेबांनी बघितलं की मालकाच्या लाखमोलाच्या कलेवर मी छिन्नी चालवलीय. छिन्नी हिसकावली, चावी हिसकावली, स्वतःच्या हातानं गडवा अडकवला अन झुंबर वर नेलं. त्यांना काय आठवत न्हाई. एक अक्षर न्हाई.

शिव्या ऐकायला इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी जिना चढताना गडव्यावर नजर गेली. खालपर्यंत वाचलं, मनात.

योगीराज साहेबांना सप्रेम भेट. त्याखाली माझं नाव. त्याखाली, मी न घासता ठिवलेली ओळ.

माझं नाव अन 'यांच्या स्मरणार्थ'. मीच ठोकलं. त्याच छिन्नीनं.

निकितानं दुसरी ओळ वाचली नव्हती. कोनीच वाचली न्हाई अजून.

२३ एप्रिल, बुधवार

साहेबांना चावी मागितली. न्हाई म्हनले. छिन्नी मागितली. मालकाला दाखवायला ठिवलीय म्हनले. पाया पडलो तर म्हनले, आता कोनती नवी सोंगं हायेत ही.

तुमी पाच दिवस मेलते, मीच आनलं तुमाला, असं कसं सांगू? सांगितलं. हसले. खरंखुरं हसले, पैल्यांदा.

जिन्यावर दिवसभर उभा राहतो. पोरं आली की हाकलतो. तक्रार गेलीय.

२५ एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी मालकाला नवी कल्पना सांगितली अन मालकाला आवडली. एक मे, महाराष्ट्र दिनाला शाळेतली पोरं बोलवायची. जिन्यावर रांगेत उभी करायची. एकेकानं माइकवर झुंबरावरचं एकेक भांडं वाचायचं. जिल्ह्यातल्या जुन्या लोकांची आठवन म्हनून. चारशे बाराची बारा.

मी म्हनलो, तो एक गडवा सोडून बाकी वाचा. साहेब म्हनले, एक बी सुटनार न्हाई.

वाचवलेल्या मानसाचं असं असतंय.

२६ एप्रिल, शनिवार

गलोल आनली. कनकेच्या गोळ्या. जिन्यावरून नेम धरला, माझं नाव झाकायचं फक्त. तीन लागल्या. चौथी वकील साहेबांच्या टकलाला, तेच चपलावाले.

नोकरी गेली. आत यायला बंदी. चौकीदारानं सामान बाहेर आनून दिलं. कनिक वाळली की पडनार, हे मला कळायला पायजे व्हतं.

२८ एप्रिल, सोमवार

काचंतून बघतो. नव्या मानसानं घासलं झुंबर. गडवा चमकायलाय. अक्षरं अजून ताजी — झिजली न्हाईत — म्हंजे अजून येळ —

कमलबाई बाहेर आली, भाकर-ठेचा दिला. मी तिला म्हनलो, तो गडवा फक्त काढ, तुझ्या कळशीची शपथ. मग ते बी सांगून टाकलं, की कळशी तुझी न्हाई, त्यावर सुलाबाईचं नाव हाय. तिनं माझ्या हातातली भाकर परत घेतली न्हाई. पन परत आली बी न्हाई.

वहीचं पैलं पान फाडलं. जाळलं.

१ मे, गुरुवार, सकाळ

काचंला तोंड लावून उभा हाय. माइकचा आवाज बाहेर येतो. झेंडावंदन झालं. पोरं जिन्यावर. एकशे साठ झाले. आजून बराच —

दोनशे. साहेब टाळ्या वाजवायलेत.

एक बारकं पोरगं पायऱ्यांवर. चष्मा. गडव्याकडं बोट. सप्रेम भेट. साहेब लाजले. पोरगं थांबलं, शिक्षक म्हनायलेत खाली बी हाय, सगळं वाच —

मी काचंवर हात आपटले. सगळ्यांनी वळून बघितलं. बघितलं मला.

मग त्यानं वाचलं. पूर्न. गावासहित.

आता कोनी बघंना.

१ मे, दुपार

दार उघडं व्हतं, आत गेलो. कमलबाई निकिताला म्हनायली, पोरगं वांड व्हतं पन शेवटी खरं बोलून गेलं. साहेबांच्या अंगावर ओरडलो. त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. साहेब मला आवडत नव्हते, आता आवडायलेत, काय उपयोग.

निकितानं माझा फॉर्म काढला. घरचा नंबर शोधायली.

पळालो.

१ मे, संध्याकाळ

बसमदी कंडक्टरनं तिकीट दिलं. सुट्टे न्हाईत म्हनून खेकसला. त्याला ठाऊक न्हाई. त्याच्या गळ्यात पडावं वाटलं.

चारठान्याला उतरलो. माय दारात. दिसलो तिला. किती वाळलास म्हनली. गालाला हात लावला. हात लागला.

तिचा फोन मी पान्याच्या रांजनात टाकला. तिनं पाठीत धपाटा घातला, सुधरत न्हाईस म्हनली. लागला धपाटा. जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर, पिठलं, कांदा. लिवत लिवत खायलोय, ती म्हनायली वही ठिव आता.

पन फॉर्मवर नंबर दोन व्हते. दुसरा शेजारच्या शुभदाकाकूचा. मीच दिला —

चपला वाजायल्यात गल्लीत. काकू. हातात फोन. हॉटेलातून हाय म्हनायली, तुमालाच मागायलेत —

मी म्हनलो घेऊ नको. माय म्हनली, तुझ्या खोड्या हापिसातून बी यायल्या का. हसली. पदराला हात पुसला.

फोन कानाला.

ही वही कोनाच्या हातात पडली तर, तुमाला वाचून कळालं, तुमच्यापुरता मी गेलो, जाऊ द्या. पन पुढं सांगू नका. माझी बारकी बहीन शिकायला बाहेर हाय, मावशी हाय, सेलूचे शेट हायेत, त्यांना अजून ठाऊक न्हाई. जितक्यांना ठाऊक न्हाई तितक्यांत मी हाय. हात जोडतो. नाव न्हाई सांगितलं मी तुमाला, इचारू बी नका, कोनाला —

माय फोन ठिवून उभी हाय. माझ्याकडं बघायलीय. न्हाई, ताटाकडं.

वाकली.

हात जोडतो, कोनाला सांगू न